सासूबाईंच्या गोळ्यांची यादी

दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात माझ्या वाट्याला गावातली बेचाळीस घरं आली होती. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. मी इथल्याच प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा बंद, म्हणून शिक्षकांना सर्वेचं काम. सकाळी सातला आशाताईंबरोबर निघायचं. त्या कपाळासमोर ताप मोजायची गन धरणार, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावणार, आकडा मोठ्यानं सांगणार आणि मी तो रजिस्टरमध्ये लिहिणार. अकराच्या आत परत यायचं, कारण त्यानंतर ऊन इतकं तापायचं की गनच भलते आकडे दाखवायची.

घरी सासूबाई होत्या. सत्तरीच्या पुढच्या, पंधरा वर्षांपासून शुगर. मी रोज बेचाळीस उंबरठ्यांवरून घरी येत होते आणि मी आजार आणला तर तो सगळ्यात आधी त्यांना गाठणार, एवढं मला स्पष्ट होतं. म्हणून मी नियम केले. आंघोळ गोठ्यातल्या नळावर. कपडे तिथेच बादलीत. माझं ताट वेगळं. आणि रोज संध्याकाळी सातला घरातल्या पाचही जणांचा ताप घरच्या थर्मामीटरनं बघायचा: सासूबाई, नवरा, दोघी मुली आणि मी. त्याचा तक्ता फ्रिजवर लावला होता, सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्यांच्या तक्त्याशेजारी.

पहिल्या आठ दिवसांत माझं रजिस्टर इतकं स्वच्छ होतं की ते मला खोटं वाटायला लागलं. शेजारच्या गावांतून रोज गाडी भरून माणसं दवाखान्यात जात होती, आमच्याही गावात कोणी ना कोणी रोज कोणाच्या तरी मातीला जाता आलं नाही म्हणून रडत होतं, आणि माझ्या कागदावर सगळे सत्त्याण्णव, साडेसत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. वर्गात सगळ्या पोरांची उत्तरं सारखी आली की मास्तरीण काय समजते? मी तेच समजले.

मग रजिस्टरच्या शेवटच्या पानावर मी वेगळ्या नोंदी सुरू केल्या, फक्त स्वतःसाठी. कोणत्या घरचे लोक तोंड धुऊन, ओल्या कपाळानं दारात येतात. कोणत्या घरातून नीलगिरी तेलाचा वास येतो. म्हातारा वावरात गेला म्हणून सांगतात आणि त्याची चप्पल ओट्यावर असते. एका घरी आतल्या खोलीतून खोकला ऐकू आला, तर सुनेनं लगेच आमच्यासमोर स्वतः दोनदा खोकून दाखवलं आणि मिरचीची फोडणी होती म्हणाली. चूल थंड होती. उकिरड्यांवर गोळ्यांची रिकामी पाकिटं चमकत होती, आणि ती नुसती तापाच्या गोळ्यांची नव्हती.

आशाताईंना हे सगळं माहीत होतं. त्या याच गावच्या. गावातल्या निम्म्या बाळंतपणांना त्या हजर होत्या. मी विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं. आपण साडेसातला येतो हे लोकांना पाठ झालंय. सहाला गोळी घेतली की साडेसातला घाम येऊन अंग थंड. मग तुम्ही त्यांना काही बोलत का नाही, असं मी म्हटलं.

"बोलली तं उद्यापासून मले दारात कोन उभं करन, मॅडम?" त्या म्हणाल्या. "तुमी लिहून घेता म्हनून ते सांगत नाई. तुमी लिहनं सोडा, मंग पाहा कसे पटापट सांगते."

लिहिणं सोडलं तर सर्वे कसला? मी सोडलं नाही.

खरं तर लोकांचंही चुकत नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मान्य करायला वेळ लागला. पहिल्या लाटेत आमच्या गल्लीतलं एक घर बांबू लावून बंद केलं होतं. म्हशी दोन्ही वेळा दूध देत होत्या, पण डेअरीवाला त्यांचं दूध घेईना. ते दूध नालीत ओतताना सगळ्या गावानं पाहिलं. चौदा दिवसांनी बांबू निघाले, माणूस धडधाकट चालत फिरू लागला, तरी वर्षभर त्या घराला कोणी नावानं ओळखत नव्हतं. 'ते घर' म्हणत. त्यानंतर आपण होऊन ताप आहे असं कोण सांगेल?

त्यात जवळच्या मोठ्या गावातला डॉक्टर खिडकीतून बघायचा, आणि तोही आधी टेस्ट करून या म्हणायचा. टेस्ट म्हणजे नाव, नाव म्हणजे बांबू. म्हणून गावानं आपला दवाखाना आपणच काढला होता. कोणाच्या तरी नागपूरच्या भाच्याला मोठ्या डॉक्टरनं दिलेली चिठ्ठी मोबाइलवर फिरत होती. वर नाव त्या एका पोराचं, औषध अर्ध्या गावानं घेतलं. चिठ्ठीतल्या गोळ्या आमच्या चौकातल्या किराणावाल्याकडे मिळायच्या, बिस्किटांच्या बरणीमागे. मी साखर आणायला गेले तेव्हा मला तो डबा दिसला. यात काय आहे, मी विचारलं.

"चॉकलेटी हायेत, मॅडम."

लहान मुलांच्या की मोठ्यांच्या, असं मी विचारलं. त्यानं साखरेच्या पुड्याला गाठ मारली आणि वजनकाट्याकडे बघत म्हणाला, "ज्याले गोड लागन त्याच्या." तेही मी शेवटच्या पानावर लिहिलं.

घेण्याची पद्धतही आमचीच. गोळ्यांचं पाकीट घरात आलं की ते आजारी माणसाचं राहत नाही, घराचं होतं. एक डाळिंब असलं तरी आमच्याकडे माणसं मोजून दाणे वाटतात. आजारी एकटाच खातो आणि बाकीचे बघतात, हे शोभत नाही. तसंच गोळ्यांचं. ज्याला ताप आहे त्याला एक, ज्यांना येऊ शकतो त्यांना एकेक. शेजारणीला कणकण वाटत असेल तर उरलेली तिला, विरजण द्यावं तशी. पाच दिवस एकाच माणसानं घ्यायच्या गोळ्या एका संध्याकाळी पाच तोंडांत जायच्या. हे आशाताईंनीच मला सांगितलं होतं. मी मान हलवून पुढच्या घराकडे निघाले होते.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी भाकर सोडली. आंबील प्यायच्या, तीही अर्धी. दिवसातून कितीतरी वेळा मागच्या दारी जायच्या आणि येताना भिंत धरायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "उन्हाचं हाये बाई, दुसरं काय." संध्याकाळी सातला ताप अठ्ठ्याण्णव. मी तक्त्यात लिहिलं आणि संशय घ्यायला दुसरी माणसं शोधली. शेजारची बाई दुपारी त्यांच्याशी बोलायला येते, तिनं काही आणलं असेल. मी तिला चार दिवस येऊ नका म्हणून तोंडावर सांगितलं. नवरा संत्र्याच्या सौद्यासाठी कारंज्याला जाऊन आला होता, ढाब्यावर जेवलाही होता; त्याला मी पडवीत झोपायला लावलं. थोरल्या मुलीच्या मैत्रिणीचं येणं बंद केलं. ज्याच्यावर संशय घेतला नाही असं घरात एकच राहिलं, ते म्हणजे माझा सात वाजताचा थर्मामीटर.

एका संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या हातावर एक गोळी ठेवली. पाकिटातून काढलेली, मोकळी. पंचायतीतून ताकदीच्या गोळ्या आल्यात, सगळ्यांना एकेक दिली म्हणाल्या. मी दिवसभराची दमलेली. ताकाबरोबर गिळली आणि फ्रिजवरच्या तक्त्यात माझ्या नावासमोर 'झिंक, एक' असं लिहिलं.

तीन दिवसांनी मी सर्वेहून परतले तेव्हा अकरा वाजायचे होते. बाहेर पायरीला हात लावला तर चटका बसावा असं ऊन, आणि सासूबाई दोन गोधड्या घेऊन खाटेवर कुडकुडत होत्या. दातांचा आवाज दारापर्यंत येत होता. मला त्यांनी आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. मी थर्मामीटर लावला. एकशे तीन. मी अकराला ताप बघेन असं त्यांना वाटलं नव्हतं.

मला एका गोष्टीबद्दल शंका उरली नाही: आला, आणि मीच आणला. मी गाडी बोलव म्हणून नवऱ्याला सांगितलं. तो दाराला पाठ लावून उभा राहिला आणि दोन दिवस पाहू म्हणाला, गोळ्या आहेत. कोणत्या गोळ्या? मी विचारलं. तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांनी आमच्या अंगणातूनच फोन लावून गावातली जीप ठरवली आणि सासूबाईंच्या काखेत हात घातला. जीपमध्ये चढताना सासूबाईंना क्षणभर शुद्ध आली. मी त्यांना तिथेच विचारलं, ताप होता तर मला सांगितलं का नाही? रोज विचारत होते ना मी?

"तुले सांगतलं असतं तं तू लिहून टाकलं असतं," त्या म्हणाल्या. धाप लागली म्हणून थांबल्या. "सर्वेवालीच्याच घरी निंघाला म्हनले असते लोकं. मंग कोन्या दारात उभं केलं असतं तुले?"

मी जीपमध्ये बसण्याआधी रजिस्टर उघडलं आणि आमच्या घरासमोर एकशे तीन लिहिलं. बेचाळीस घरांत ताप असलेलं ते एकच घर.

वर्ध्याच्या दवाखान्यात आधी ती टेस्ट झाली. ती निगेटिव्ह आली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, ते फार तर अर्धा तास. मग एक तरुण डॉक्टरबाई आल्या. त्या म्हणाल्या, लघवीच्या जागेचा संसर्ग आहे, वर मूत्रपिंडापर्यंत गेलाय, शुगर वाढलेली, रक्तदाब उतरतोय. पंधरा-वीस दिवसांपासून असणार. त्यांना जळजळ होत होती का? मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. ही गोष्ट मुलाला सांगण्यासारखी नव्हती, सुनेला सांगावी तर ती लिहिणारी. आणि त्या उन्हाळ्यात ताप म्हटलं की तोच ताप. दुसराही असू शकतो हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "गेल्या वर्षभरात कोणकोणती अँटिबायोटिक्स घेतली त्यांनी? कोणतं औषध चालेल हे लॅबमधून कळायला दोन-तीन दिवस लागतील, तेवढी वाट बघता येणार नाही. आधी अर्धवट घेतलेलं औषध आता दिलं आणि ते चाललंच नाही, तर हे दिवस वाया जातील."

माझ्याकडे त्यांच्या शुगरच्या गोळ्यांचा दोन वर्षांचा हिशेब होता. अँटिबायोटिकची एक ओळही नव्हती. मला एक तास द्या, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, अर्धा.

मी पर्समधली वही काढली आणि सासूबाईंच्या उशाशी बसले. त्यांना नावं कशी सांगता येणार? रंग सांगितले. दिवाळीत घसा बसला तेव्हा लाल-पिवळी कॅप्सूल, दोन, शेजारणीकडून. संक्रांतीच्या आसपास लांबट पांढरी, किती ते आठवत नाही. जळजळ सुरू झाली तेव्हा 'ते मोठे पिवळे', दुकानातून, दोन दिवस. बरं वाटलं म्हणून बंद. आणि ताप यायला लागला तेव्हा पाच गोळ्यांचं पाकीट.

त्या पाचही तुम्हीच घेतल्या का?

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी नवऱ्याला फोन लावला. तो आधी म्हणाला त्याला माहीत नाही, मग म्हणाला फोन ठेवून दे, मग सांगितलं, "आईनं सगळ्याहीले एकेक देल्ली. पोरीले देल्ली, मले देल्ली. तू पन खाल्ली ना ताकासंगं." ज्यांना आजार होता त्यांच्या पोटात त्यातली एकच गेली होती. मग रोज सहाला तापाची गोळी, माझ्या सातच्या आधी.

मी त्याला सासूबाईंचा सुपारीचा डबा उघडायला लावला. त्यात कापलेल्या पाकिटांचे तुकडे होते, नाव असलेला भाग बहुतेकांचा गेलेला. मग किराणावाला उरला. त्याला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न, "लिहून राह्यल्या का, मॅडम?" मी म्हटलं हो, लिहिते आहे, पण डॉक्टरांसाठी. त्यानं फोन ठेवला. पुन्हा लावला, उचलला नाही. शेवटी मी त्याला मेसेज लिहिला: आमच्या सासूबाईंची तब्येत वाईट आहे, तुमचं नाव कुठे येणार नाही, फक्त गोळ्या दाखवा.  मग एकामागून एक चार फोटो आले. जुन्या पेपरवर ठेवलेली पाकिटं, सरळ, नावं दिसतील अशी, कोपऱ्यात त्याचा अंगठा. सोबत एक शब्द नाही. मी नावं उतरवून घेतली. शेवटचं नाव लिहीपर्यंत चारही फोटो त्यानं काढून टाकले होते.

यादी तयार झाली असं मला वाटलं. मी ती वरून खाली वाचली आणि लांबट पांढरीपाशी थांबले. संक्रांतीच्या आसपास सासूबाईंचं पोट बिघडलं होतं. त्याआधी माझं बिघडलं होतं, मला डॉक्टरनं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, तिसऱ्या दिवशी मला बरं वाटलं आणि उरलेल्या मी जपून ठेवल्या होत्या. त्या मीच त्यांना दिल्या. शेजारणीची म्हणून सांगितलेली लाल-पिवळीही आठवली. माझी दाढ काढली तेव्हाच्या दोन उरल्या होत्या. त्या मी शेजारणीला दिल्या होत्या, तिच्या घशासाठी. तिनं घेतल्या नसाव्यात. फिरून आमच्याच घरी आल्या. यादीतल्या या दोन ओळींपुढे मी गोळ्यांची नावं लिहिली आणि 'माझ्याकडून' असं लिहिलं. त्या शेवटच्या शब्दाची डॉक्टरबाईंना गरज नव्हती.

त्यांनी वही हातात घेतली आणि पेन ओळींवरून फिरवत मनातल्या मनात काहीतरी खोडत गेल्या. हे नको, हेही नको. दोन औषधांचा विचार होता म्हणाल्या, त्यातलं एक तुमच्या यादीत आहे. दुसरं इंजेक्शन सुरू करू या. मला वही परत देताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तुम्ही शिक्षिका आहात का?" मी हो म्हटलं आणि पुढचं काही विचारतील म्हणून थांबले, पण त्या पुढच्या खाटेकडे गेल्या होत्या.

दोन दिवस ताप चढत-उतरत राहिला. नर्स यायच्या आधी मी स्वतः कपाळाला हात लावून बघायची, मग नर्सच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की आपल्या हातावर, हे ठरवायची. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी भाकर मागितली. लॅबचा कागदही त्याच दिवशी आला. त्यात औषधांची रांग होती आणि काहींपुढे ते चालत नाही असं लिहिलं होतं. संक्रांतीची लांबट पांढरी त्यांतली एक. आधी तेच देणार होतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

आम्ही घरी आलो तेव्हा गल्लीत कोणी दार लोटलं, कोणी उघडं ठेवलं. तो आजार नव्हता हे आशाताईंनी घरोघरी सांगितलं होतं, पण त्यावर विश्वास ठेवायचं गावाला काही कारण नव्हतं. बेचाळीस घरांतल्या एकाच घरी जीप आली होती. पुढचे काही दिवस आशाताई सर्वेला एकट्या गेल्या. मला सुट्टी मिळाली होती. त्यांनी मला फोनवर सांगितलं की त्या एकट्या असल्या तर लोक ताप सांगतात, त्या पाठ करून येतात आणि घरी जाऊन लिहितात. मला राग आला नाही. बरं वाटलं असंही नाही.

सासूबाईंना घरी नऊ दिवस गोळ्या घ्यायच्या होत्या, सकाळ-संध्याकाळ. चौथ्या दिवशी त्यांनी धुणं वाळत घातलं, पाचव्या दिवशी शेजारणीला स्वतः हाक मारून बोलावलं. त्या दोघी ओट्यावर बसल्या होत्या, शेजारणीचा आवाज बसलेला होता. मी आतून ऐकत होते. ऐकू नये असं वाटत होतं, तरी ऐकत होते.

संध्याकाळी मी गोळी आणि पाणी घेऊन गेले. त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायल्या, पदरानं ओठ पुसले. मी उभीच राहिले.

"आता काय?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आई, तोंड उघडा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मले वाटलं होतं, आता तरी भरोसा ठेवशीन."

मग त्यांनी तोंड उघडलं. मी वाकून पाहिलं. जीभ वर करा म्हटलं, आणि त्यांनी केली.